नाक्याच्या रंगातली फटफटी

मी एक फटफटी बोलतेय. बोलावं की नाही याचा विचार मी बरेच दिवस केला. डावीकडे वळताना जिचा उजवा इंडिकेटर लुकलुकतो, तिच्या सांगण्यावर कोणी किती भरवसा ठेवावा, ही शंका मलाही आहेच. पण कोसमटोल्यात माझ्याबद्दल एक मोठा गैरसमज झाला होता. त्यात माझा दोष किती, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. तुम्ही ऐकून घ्या आणि जमलं तर ठरवा.

माझं इंजिन शंभर सीसीचं. थंडीतल्या सकाळी ते ऐंशीचं असल्यासारखं वागतं. पासिंग एमएच पस्तीस, म्हणजे गोंदिया जिल्हा. माझे पहिले मालक चंद्रशेखर सर गोंदियातल्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. मोठा विद्वान माणूस, पण काळजी फार. घरातून निघाले की चौकापर्यंत जाऊन परत यायचे, दाराला कुलूप लावलं की नाही ते पाहायला. कुलूप लावलेलं असायचं. मग पुन्हा चौकापर्यंत जायचे आणि पुन्हा परत यायचे, मघाशी पाहिलं ते कुलूप आपल्याच दाराचं होतं ना, हे पाहायला. पेट्रोलचा कॉक ते तीनदा तपासायचे, स्टँड दोनदा. अकरा वर्षं मी त्यांच्याकडे होते. त्यांची विद्या मला कितपत लागली ते सांगता येत नाही. काळजी मात्र पुरती लागली.

सर निवृत्त झाले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांच्या मुलीने त्यांना गाडी चालवायची बंदी केली. मी कोहमाऱ्याच्या मुन्नालालकडे गेले. त्याचा हायवेला लागून धाबा. दोन वर्षं मी तिथे भाजीची पोती वाहिली. मग क्लच गेला, आणि मुन्नालालने मला धाब्यामागे भिंतीला टेकवून ठेवलं. "दो दिन में बनवतो," असं तो म्हणाला होता. त्या दोन दिवसांची चार वर्षं झाली.

माझ्या हँडलला कांद्याच्या जाळ्या लटकायच्या. हेडलाइटमध्ये गांधीलमाश्यांनी घर केलं. एअर फिल्टरच्या डब्यात एक उंदरीण बाळंत झाली. सीट फाटली होती, तिच्यातल्या काथ्यात एक तांबडी कोंबडी रोज अंडं घालायची. कोणाच्या तरी उपयोगी पडतोय, असं मी मनाला समजावत असे. पण गाडीच्या जन्माला येऊन खुराडं व्हावं, हे दुःख कोंबडीला कसं सांगणार?

मग एके दिवशी दसरू आला. तो बोर्ड रंगवायला आला होता.

दसरू देवरीच्या पुढच्या बेहडाटोल्याचा. तीस वर्षं त्याने जंगलखात्यात रोजंदारीवर काम केलं, आणि त्यातलं बरंचसं ब्रश हातात धरून. जंगलखात्याच्या तपासणी नाक्यावरचा आडवा दांडा, हद्दीचे दगड, रस्त्याकडेचे फलक, सगळं त्याच्याच हातचं. शाळेत तो फारसा गेला नव्हता. अक्षरं त्याने फलकांवरूनच गिरवली होती. त्यामुळे त्याच्या हातून काहीही लिहिलं तरी ते जंगलाच्या फलकासारखं दिसायचं.

"दसरूभाऊ, बोर्ड असा बनवा," मुन्नालाल म्हणाला, "की चलती ट्रक थांबली पायजे."

"थांबंल जी."

"आणि पैशाचं?"

"पैसे नको." दसरूने ब्रशच्या दांड्याने माझ्याकडे बोट केलं. "ते गाडी देता का?"

"कोनती? ते खुराडं? ते कायले पायजे तुम्हाले?"

"सुनेले."

असा माझा सौदा झाला. मुन्नालालला वाटलं त्याने दसरूला फसवलं. दसरूला वाटलं त्याने मुन्नालालला फसवलं. असे सौदे टिकतात.

बोर्ड दुपारी तयार झाला. गर्द हिरवा, वर पिवळी अक्षरं, कडेला पांढरा पट्टा. तो वाळतो न वाळतो तोच लाकडाचा एक ट्रक कचकन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, कागदांची फाइल घेऊन मुन्नालालसमोर अदबीने उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, परवाना पाहून घ्या." मुन्नालालने परवाना उलटा धरून नीट पाहिला आणि म्हणाला, "ठीक है. खाना खा के जाओ." माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. तर्कशास्त्राच्या घरात राहिलेली मी. पण मला नव्या घराचीच काळजी लागली होती.

दसरूची सून चंचल. तिचं माहेर हायवेवरच्या मोठ्या गावात, त्यामुळे गाडी चालवणं ती भावाच्या फटफटीवर शिकली होती. नवरा दुर्गेश बोअरवेलच्या ट्रकवर, वर्षातून दोनदा घरी येणार. चंचलने देवरीच्या जनावरांच्या दवाखान्यात शिकून पशुसखीचं काम घेतलं होतं. सात टोल्यांतल्या, म्हणजे पाड्यांतल्या, शेळ्यांना लस द्यायची, जंतांचं औषध पाजायचं. अडचण एकच होती. लस बर्फाच्या डब्यात न्यावी लागते, टोले डोंगरापलीकडे, आणि बर्फ काही पायी जाणाऱ्या माणसासाठी थांबत नाही.

दसरूने मला एका पिकअपवर टाकून देवरीला टिकाराम मिस्त्रीकडे नेलं. टिकारामने सीट उचलली, आत पाहिलं, आणि हात घालून एक अंडं बाहेर काढलं.

"दसरू, हे गाडी आणली का कोंबडीचा संसार उचलून आणला?"

"चालंल का नाही ते सांग."

टिकारामने स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक माझ्या इंजिनावर टेकवलं, दुसरं स्वतःच्या कानाला लावलं आणि दसरूला किक मारायला सांगितलं. डॉक्टर पाठीला नळी लावतात तसंच ते. सोळाव्या किकला मी एकदा खोकले.

"जीव आहे," टिकाराम म्हणाला. "पन अक्कल गेली आहे."

मला ते लागलं. पण खोटं होतं असंही म्हणवत नाही.

मग तीन दिवस मी उघडी पडले होते. कार्बोरेटर पेट्रोलमध्ये बुडवला. उंदरिणीचं घर काढलं. गांधीलमाश्यांना धूर दिला, त्यांनी जाताना टिकारामच्या कानाला डसून हिशेब पुरा केला. पेट्रोलच्या टाकीत आतून गंज धरला होता, तर तिच्यात मूठभर बारीक गिट्टी आणि डिझेल घालून दसरू आणि टिकारामने दोन बाजूंनी धरून ती तासभर हलवली. जाणारे-येणारे विचारत, "का पाखडून राहिले गा?" टिकाराम म्हणायचा, "धान." पिस्टनच्या रिंगा नव्या आल्या. क्लचप्लेटा एका मेलेल्या गाडीच्या, आरसा दुसरीचा, मागचा शॉकअप तिसरीचा. शेवटी जी उभी राहिली ती मीच का, हा प्रश्न मला पडला. सर असते तर त्यांनी यावर दोन तास घेतले असते. टिकारामने एक किक मारली, मी सुरू झाले, आणि प्रश्न तेवढ्यावर राहिला.

रंग मात्र दसरूने घरी दिला. आठ दिवस. अंगणात बेहड्याच्या झाडाखाली त्याने मला पोत्यावर उभं केलं. आधी पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासली. इतकी घासली की माझा मूळचा तांबडा रंग, त्याखालचा प्रायमर आणि त्याखालचा पत्रा, तिन्ही एकदम दिसायला लागले. मग रेड ऑक्साइडचा हात, मग पुन्हा घासणं. उडालेला पाचोळा चिकटू नये म्हणून तो रोज सकाळी अंगणात पाणी मारायचा आणि शेजारच्या कोंबड्यांना दगड.

चंचलने एकदा भीत भीत विचारलं, "मामाजी, रंग कोनता देता?"

"चांगला," दसरू म्हणाला.

त्याला एकच चांगला रंग माहीत होता. नाका रंगवून उरलेला अर्धा डबा त्याच्या घरी बाजेखाली होता. तो डबा फेकून दे, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. पण तीस वर्षं ज्या माणसाने उरलेलं रॉकेलही परत बाटलीत भरलं, तो डबा फेकणार कसा? अर्धा डबा मुन्नालालच्या बोर्डाला थोडा आणि मला बाकीचा, असा पुरला. एका ब्रशने त्याने दोन हात दिले आणि ब्रशची एक रेघ कुठे दिसू दिली नाही. मग दोऱ्याने आखून टाकीवर पिवळा पट्टा ओढला. त्याच्या कडेला पांढरी बारीक रेघ.

"काही नाव लिहा ना मामाजी टाकीवर," चंचल म्हणाली. "लोक लिहितात. आईचा आशीर्वाद, असं काही."

दसरूने ब्रश उचलला. डोळे बारीक केले. हाताला जी सवय होती ते हाताने लिहिलं. उजव्या बाजूला, पिवळ्या अक्षरांत: येथे विस्तव लावू नये.

चंचलने वाचलं, थोडा विचार केला, आणि म्हणाली, "पेट्रोल आहे आत, तं बरोबरच आहे."

सांगायला संकोच वाटतो, पण मी सुंदर दिसत होते. दसरू संध्याकाळी ओसरीत बसून माझ्याकडे पाहत राहायचा. तीस वर्षांत त्याने रंगवलेलं सगळं सरकारचं होतं. घरचं असं मी पहिलंच.

मेच्या अखेरीस काम आलं. आठवडी बाजारातून आलेल्या एका बोकडाबरोबर नाल्यापलीकडच्या गावात शेळ्यांचा रोग शिरला होता. ताप, तोंडात फोड, हगवण, आणि चार-पाच दिवसांत शेळी आडवी. अलीकडे कोसमटोला, जंगलाच्या पोटात, शंभराच्या आसपास शेळ्या. देवरीच्या डॉक्टरांनी चंचलला बर्फाचा डबा दिला. "गुरुवार, शुक्रवार, शनिवार," ते म्हणाले. "शनिवारी संध्याकाळी बाटली परत आली तर ती दुसऱ्या गावाला जाईल. आणि शेळ्या गोळा झाल्याशिवाय कालवू नको. एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, नाहीतर पाणी."

गुरुवारी आम्ही निघालो. नाक्यावर आलो तर चौकीदार खुर्चीतून उठला, दांडा वर केला आणि कपाळाला हात लावून सलाम ठोकला. चंचलने मान हलवली. तिला वाटलं, पशुसखीला आता मान मिळायला लागला.

कोसमटोल्याच्या अलीकडे एक वळण आहे. वळणावर चारोळीच्या झाडावर एक पोरगं बसलेलं होतं. त्याने मला पाहिलं, तोंडात दोन बोटं घातली आणि लांब शीळ मारली. आम्ही टोल्यात शिरलो तेव्हा तिथे एक कोंबडा होता आणि एक चूल, तिच्यावर भाताला उकळी आलेली. माणूस नाही. शेळी नाही. लेंड्या मात्र ताज्या होत्या.

चंचलने हाका मारल्या. भात उतू जायला लागला तेव्हा तिनेच तो उतरवला. दोन तास बसून आम्ही परत आलो.

"सुईले भेतात," दसरू म्हणाला. "उद्या लवकर जाय."

मला तेव्हा काय झालं ते थोडंथोडं समजायला लागलं होतं. कोसमटोल्यामागे राखीव जंगल आहे, आणि तिथे चराईला बंदी आहे. माणसांना ते ठाऊक आहे. शेळ्यांना कोणी सांगितलेलं नाही. जंगलात सापडलेली शेळी कोंडवाड्यात जाते, म्हणून जंगलखात्याची हिरवी गाडी दिसली की टोला रिकामा होतो. आणि मी हिरवी होते. पण हे मी कोणाला सांगणार? मी फक्त घरी जाताना दोनदा बंद पडले. चंचलने प्लग साफ केला.

शुक्रवारी आम्ही सूर्य उगवायच्या आत पोचलो. शीळ वाजली, पण सगळ्यांना पळायला वेळ मिळाला नाही. टोल्याच्या टोकाच्या घरात मंगलीबाई सापडली. पन्नाशीची, कृश, डोळे तिखट. तिच्या चौदा शेळ्या होत्या आणि घरात त्यांच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. तेरा शेळ्या पळाल्या होत्या. ओसरीत बाज होती. बाजेवर घोंगडी, आणि घोंगडीखाली कोणीतरी.

"कोन झोपलं आहे?" चंचलने विचारलं.

"सासू," मंगलीबाई बाजेच्या पुढे उभी राहून म्हणाली. "बरं नाही तिले."

"किती दिवसांपासून?"

"आत्तापासून."

मी अंगणात उभी होते. तिथून मला घोंगडीच्या टोकाला एक लांब काळा कान दिसत होता. माशी बसली की तो हलायचा. कान हलवणारी सासू मी गोंदियातही पाहिली नव्हती.

"ताप आहे का?"

"आहे थोडासा."

"मंग पाहू द्या ना मले. औषध आहे माझ्यापाशी."

"नको. परक्या माणसाले लाजते ते."

तेवढ्यात सासू ओरडली. मेंऽ करून, चांगली मोठ्याने. मंगलीबाईने तिच्यावर खोकून पाहिलं, पण उशीर झाला होता.

"असंच बोलते अलीकडं," ती म्हणाली.

चंचल पायरीवर बसली आणि हसायला लागली. दोन दिवसांची दमलेली पोर, हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. मंगलीबाई तिच्याकडे निरखून पाहू लागली.

"सायेब लोक असे हासत नाहीत," ती म्हणाली. "तू कोन वो?"

"बेहडाटोल्याच्या दसरूमामाजीची सून. शेळ्याईले लस द्याले आली. नाल्यापल्याड रोग आला आहे ना."

"दसरूची सून? मंग नाक्याची गाडी घेऊन काऊन फिरून राहिली?"

"नाक्याची?"

मंगलीबाईने तिला हाताला धरून माझ्यापाशी आणलं. "हे पाय. रंग नाक्याचा, पट्टा नाक्याचा, आन हे जे लिवलं आहे ना, मले वाचता येत नाही, पन ते चित्र मले पाठ आहे. ते दिसलं का शेळ्या झाडीत."

चंचल माझ्याकडे पाहत उभी राहिली. हायवेच्या गावात वाढलेली ती, तिला हा रंग म्हणजे फक्त रंग होता. मी आरसा दुसरीकडे वळवला असता, पण तो टिकारामने फार घट्ट बसवला होता.

"मामाजीनं आठ दिवस रंगवली," ती हळूच म्हणाली. "त्याईले मी कसं सांगू?"

"त्यात का आहे? मी सांगीन. बसव मले मागं."

"आन शेळ्या?"

"त्या आता सांजेपर्यंत येत नाहीत. गेल्या त्या दूर." मंगलीबाईने सासूला खांबाला बांधलं, तिच्यापुढे पाला टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा फटफटीवर बसली. सगळा रस्ता तिने एका हाताने चंचलची वेणी धरून ठेवली होती.

बेहडाटोल्यात उतरल्या उतरल्या तिने सुरुवात केली. "दसरू, तुझ्या गाडीनं सारं गाव पळवलं."

"सुईले भेता तुम्ही," दसरू म्हणाला.

"सुई कोनं पाह्यली? आमी रंग पाहूनच पळालो."

दसरू माझ्यापाशी आला. तो माझ्याभोवती एक फेरी फिरला. खांद्यावरच्या दुपट्ट्याने टाकी पुसली, तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं. चंचल चूल पेटवायच्या निमित्ताने आत गेली आणि दाराआड उभी राहिली. मला वाटलं, आता हा पॉलिश पेपर आणणार. किंवा मला परत खुराड्यात. कोंबडी अजून वाट पाहत असेल का, असंही मनात येऊन गेलं.

"रंग खराब झाला का?" दसरूने शेवटी विचारलं.

"खराब काऊन होईल? चांगला झाला. लय चांगला झाला. म्हनून तं पळालो ना."

दसरूने ते ऐकलं आणि बराच वेळ चघळलं. मग त्याच्या मिशीचं एक टोक जरासं वर गेलं.

पण करायचं काय? दुसरा रंग द्यावा तर ऑइलपेंटला वाळायला दोन दिवस, आणि हातात एक सकाळ. शिवाय कोणता द्यावा?

"पांढरा देतो," दसरू म्हणाला.

"पांढरी गाडी मोठ्या सायबाची."

"खाकी?"

"पोलीस."

"लाल?"

"लालचं नावच नको काढू."

"निळा, पिवळा, भगवा..."

"त्याईच्या मिरवणुका निघतात. एकाच्या रंगाची गाडी आली का दुसरा शेळी आनत नाही."

"मंग बिनरंगाची ठेवतो," दसरू वैतागून म्हणाला. जिल्ह्यात इतके रंग, आणि त्यातला एकही मोकळा नव्हता. सगळ्यांवर कोणी ना कोणी आधीच बसलेलं.

मंगलीबाई गोठ्याकडे पाहत होती. तिथे दसरूची बैलजोडी रवंथ करत उभी होती आणि खुंटीला पोळ्याची घुंगरमाळ टांगलेली होती.

"तुझ्या बैलाले पाहून कोनी पळते का?" तिने विचारलं.

"बैलाले पाहून कायले पळंल?"

"मंग हिले बैल कर."

पोळ्याला अजून तीन महिने होते. पण घरात गेरू होता, चुना होता. चुना पत्र्यावर टिकेना तर दसरूने धावड्याचा डिंक भिजवून त्यात कालवला. चंचलने वाटी आणली. दसरू म्हणाला, "थांबा, सुतळीनं आखून घेतो."

"पोळ्याले बैल आखतोस का?" म्हणत मंगलीबाईने वाटीची कड चुन्यात बुडवली आणि माझ्या मडगार्डवर पांढरा गोल ठप्पा उठवला. मग दुसरा. मग गेरूचा. दसरूने तीन ठप्पे डोळे मिटून सहन केले. चौथा त्याने स्वतः उठवला, आणि त्यानंतर त्याला कोणी आवरू शकलं नाही. हँडलच्या टोकांना शिंगांची बेगड आणि गोंडे. हेडलाइटभोवती घुंगरमाळ. टाकीवरच्या अक्षरांपाशी मंगलीबाईची वाटी आली तेव्हा मात्र त्याने तिचा हात धरला.

"हे राहू दे."

"काऊन?"

"आत पेट्रोल आहे. खरंच विस्तव लावू नये."

मी बैल दिसत होते की वेड लागलेली गाडी, ते मला सांगता येणार नाही. बैलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं.

शनिवारी नाक्यावर चौकीदार उठला, हात कपाळापर्यंत नेला आणि तिथून डोकं खाजवायला लागला. वळणावर तेच पोरगं चारोळीच्या झाडावर. बोटं तोंडात गेली. घुंगरं वाजली. बोटं तोंडातच राहिली. रात्री बेहडाटोल्यातच राहिलेली मंगलीबाई मागे बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, ती ओरडली, "आपलीच आहे बे. खाली उतर, शेळ्या आन."

लोक आधी माझ्यावर हसायला बाहेर आले. हसून झाल्यावर शेळ्या घेऊन आले. पहाटे निघालेला दसरूही मागाहून सायकलने येऊन पोचला, शेळ्या धरायला. नव्वद-पंच्याण्णव शेळ्या अंगणात गोळा झाल्या तेव्हा चंचलने बाटली कालवली. आता मागे फिरता येणार नव्हतं.

"आधी सासूले," मंगलीबाई म्हणाली. सासूला पहिली सुई बसली.

साठेक शेळ्या झाल्या असतील, तेव्हा वळणाकडून इंजिनाचा आवाज आला. हिरवी मोटारसायकल. या वेळी खरी. फॉरेस्ट गार्ड वीरेंद्र साहेब.

सगळं अंगण गोठलं. माणसं अर्धी उठून तशीच राहिली. बायकांनी शेळ्यांच्या दोऱ्या मुठीत आवळल्या. एकाने जरी पाय उचलला असता तर सगळे पळाले असते, आणि बाटलीतली लस तासाभरात पाणी झाली असती. चंचलच्या हातातली सुई हवेत थांबली होती.

वीरेंद्र साहेब माझ्यापाशी येऊन थांबले. ठिपक्यांवरून बोट फिरवलं. बोटाला चुना लागला, खाली हिरवा रंग दिसला. मग त्यांनी टाकीवरचं वाचलं, ओठ हलवत, दोनदा. मी मनातल्या मनात पेट्रोलचा कॉक तीनदा तपासला.

"दसरू, हा रंग आपल्या नाक्याचा दिसतो."

"होय साहेब. उरला होता. तुम्हीच म्हनले, फेकून दे."

"मग?"

"मंग म्या गाडीवर फेकला."

"आणि हे ठिपके?"

"ते आमी फेकले," मंगलीबाई म्हणाली.

वीरेंद्र साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी पुन्हा घातली. मग चंचलकडे वळून विचारलं, "बाटलीत किती उरली आहे?"

"तीस-पस्तीस शेळ्यांची, साहेब."

"दोन माझ्याही धर. आईने पाळल्यात. क्वार्टरमागे बांधलेल्या असतात."

"बांधलेल्याच असतात ना, साहेब?" मंगलीबाईने फार निरागसपणे विचारलं.

साहेबांनी डोंगराकडे पाहिलं. "बहुतेक."

अंगणभर माणसं खाली बसली. दोऱ्या सैल झाल्या. दसरूने पुढची शेळी धरली.

रोग नाल्यापर्यंत आला होता, हे नक्की. पलीकडच्या गावात पुढच्या पंधरवड्यात पुष्कळ शेळ्या गेल्या. कोसमटोल्यात एकही आडवी झाली नाही. हे लसीमुळे झालं की योगायोगाने, याबद्दल सरांनी दोन्ही बाजू मांडल्या असत्या. मंगलीबाईने मांडल्या नाहीत. तिने सासूच्या गळ्यात नवी घंटा बांधली आणि तिला आता सगळा टोला सासूच म्हणतो.

मी अजून चंचलकडेच आहे. सात टोले फिरते. पावसाळ्यात ठिपके धुऊन जातात आणि खालून नाक्याचा रंग वर येतो. मग दसरू वाटी घेऊन बसतो आणि मंगलीबाईला निरोप धाडतो. ठिपके आता तोही आखत नाही. तिकडे कोहमाऱ्याला मुन्नालालच्या धाब्यावर ट्रक अजून थांबतात, परवाने दाखवतात आणि जेवून जातात, असं ऐकते. त्या बोर्डाला कोणी ठिपके दिलेले नाहीत.

तुम्हाला एकच विनंती. देवरीच्या रस्त्यावर ठिपक्याची फटफटी घुंगरं वाजवत चाललेली दिसली, तर मागून हॉर्न मारू नका. मागे बर्फाचा डबा असतो, आणि माझा इंडिकेटर अजून दुरुस्त झालेला नाही.

कोसमटोल्यात मी शिरले की आता माणसं ओसरीवरून हलत नाहीत. पोरगं झाडावरून हात करतं. पळतात त्या फक्त शेळ्या. सगळ्यांत पुढे सासू, घंटा वाजवत, थेट जंगलात. सुरुवातीला मला वाईट वाटायचं. आता तितकं वाटत नाही. माणसांचा माझ्याबद्दल जो समज होता तो चुकीचा होता. शेळ्यांचा मात्र अगदी बरोबर आहे.